बोंडभुंगेरा, आंबा आणि एक जुना कायदा

सरहद्द म्हटली की आपल्याला काटेरी तार, चौकी आणि जवान आठवतो. आजच्या भागातली सरहद्द बंदरावर आणि विमानतळावर आहे, आणि तिथला घुसखोर दाण्याएवढा असतो.

सुरुवात करू १९०६ पासून. मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरलेला बोंडभुंगेरा तेव्हा अमेरिकेतला कापूस फस्त करत पुढे सरकत होता. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी वेगळी, हा किडा वेगळा. तिकडचा कापूस मुंबई बंदरात उतरत असे. गासडीतून एखादी जोडी आली असती, तर वऱ्हाड आणि खानदेशाचं काय झालं असतं? सरकारने हुकूम काढला : धुरी दिल्याशिवाय गासडी पुढे जाणार नाही. १९१४ मध्ये विनाशकारी कीटक आणि कीड कायदा झाला आणि अशा बंदोबस्ताला कायद्याचं बळ मिळालं. तो भुंगेरा आजही भारतात स्थिरावलेला नाही. जी लढाई झालीच नाही, तिचं स्मारक कुणी बांधत नाही.

पुढे पारडं फिरलं. १९८९ पासून अमेरिकेने आपल्या आंब्याला दार बंद केलं. कारणं दोन : फळमाशी आणि कोयीतला भुंगेरा. हा भुंगेरा कोयीत दडून बसतो; वरून फळ निर्दोष दिसतं. पाण्याने धुऊन किंवा नजरेने तपासून तो सापडत नाही.

तोड निघाली नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावात. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे २००२ मध्ये कृषी उत्पादन संरक्षण केंद्र उभारलं होतं, ते मुख्यतः कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. तेच आंब्याच्या कामी आलं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा दिली की किडा जागीच मेला नाही, तरी त्याची प्रजा वाढत नाही. फळ किरणोत्सारी होत नाही. एप्रिल २००७ मध्ये, सुमारे अठरा वर्षांनी, भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेत उतरला.

पण एकदा उघडलेलं दार उघडंच राहतं असं नाही. २०१३ मध्ये युरोपात भारताच्या २०७ खेपांमध्ये किडी आढळल्या. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली, तीही ऐन हंगामात. तपासणी आणि प्रक्रिया कडक केल्यावर आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. मे २०२५ मध्ये अमेरिकेने आंब्याच्या १५ खेपा नाकारल्या. कारण दिलं गेलं विकिरणाच्या कागदपत्रांतल्या त्रुटींचं. माल परत आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो तिथेच नष्ट करावा लागला.

अशा वेळी आपण म्हणतो, "हे मुद्दाम आपल्याला अडवतात." कधीकधी तसं होतंही. म्हणूनच १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात अट आहे की अशा बंधनाला शास्त्रीय आधार हवा. पण १९०६ मध्ये आपल्या बंदरात हेच चाललं होतं, आणि ते योग्यच होतं. आपल्या शेताची राखण करण्याचा हक्क आपल्याला आहे, तसा समोरच्यालाही आहे.

प्रश्न आपल्या तयारीचा आहे. नवं कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. आजही आपला पाया १९१४ चाच कायदा आहे. त्याखाली २००३ चा आदेश आला, आयातीचे नियम कडक झाले. पण विमानाने काही तासांत बी-बियाणं, रोपं आणि फळं फिरतात, त्या काळासाठी एवढं पुरेसं नाही.

पहाऱ्याचा एक नियम फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात : रात्रभर जागून पहाटे डुलकी लागली, तर रात्रभर जागल्याचा उपयोग शून्य. रत्नागिरीचा हापूस असो, गीरचा केसर असो की मलिहाबादचा दशहरी. बागायतदार वर्षभर राबतो. शेवटच्या टेबलावर एक दाखला चुकला, तर त्याची किंमत तोच मोजतो.

जय हिंद.