विंगेटवरचा निकाल : एक उत्तरपक्ष

मेजर जनरल ऑर्ड चार्ल्स विंगेट २४ मार्च १९४४ रोजी मणिपुरात, बिष्णुपूरजवळच्या डोंगरांत विमान कोसळून मरण पावला. वय एक्केचाळीस. जन्म नैनितालचा, मृत्यू मणिपुरातला. मधल्या काळात पॅलेस्टाइन, अबिसीनिया आणि ब्रह्मदेश या तीन रणभूमींवर त्याने शत्रूच्या मुलखात घुसून लढणारी खास पथके उभी केली. जिवंतपणी चर्चिलने त्याला डोक्यावर घेतले होते. मृत्यूनंतर वारे फिरले. १९५६ साली फील्ड मार्शल विल्यम स्लिमचे युद्धवृत्त प्रसिद्ध झाले. १९६१ साली जपानविरुद्धच्या युद्धाच्या अधिकृत ब्रिटिश इतिहासाचा तिसरा खंड वुडबर्न किर्बीच्या नेतृत्वाखाली निघाला. विंगेटवर तेव्हा लागलेला निकाल पुष्कळ पुस्तके आजही जशाच्या तसा पुढे देतात: माणूस तेजस्वी पण विक्षिप्त, मोहिमा चित्तथरारक पण निष्फळ.

हा निकाल मला अमान्य आहे. पण खोडण्याआधी तो पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. दुबळा करून उभा केलेला पूर्वपक्ष पाडण्यात कसला पराक्रम?

पूर्वपक्ष असा. फेब्रुवारी १९४३ मध्ये विंगेट सुमारे ३,००० माणसे घेऊन चिंदविन नदी ओलांडून जपानव्याप्त ब्रह्मदेशात शिरला. ज्या मोठ्या चढाईला पूरक म्हणून ही मोहीम आखली होती, ती चढाईच रद्द झाली होती. तरी तो गेला. त्याच्या तुकड्यांनी रेल्वे ठिकठिकाणी उडवली, जपान्यांनी ती लवकरच दुरुस्त केली. परत आले २,१८२. म्हणजे ८१८ जण मेले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले, आणि परतलेल्यांपैकी सुमारे ६०० पुन्हा लढण्याजोगे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी हाच प्रयोग कितीतरी पटींनी वाढवला गेला. त्यासाठी तोब्रुकला लढलेली ७०वी ब्रिटिश डिव्हिजन मोडली, अमेरिकेकडून खास हवाई दल मिळवले, आणि ऐन इम्फाळ-कोहिमाच्या लढाईत हे सारे बळ मुख्य रणांगणापासून दूर जंगलात गुंतून पडले. स्लिम याला एक सर्वसाधारण सिद्धान्त जोडतो. खास पथके चांगली माणसे ओढून घेतात, बाकीच्या पलटणी कमकुवत करतात. ती जे काम करतात ते नीट शिकवलेल्या साध्या पायदळालाही जमले पाहिजे.

स्लिम हा दुसऱ्या महायुद्धातला थोर सेनापती. त्याचे म्हणणे हलक्याने घेता येत नाही, आणि म्हणूनच ते न तपासता स्वीकारताही येत नाही.

चांगली माणसे ओढून घेतल्याचा आक्षेप आधी घेऊ, कारण त्याची शहानिशा सर्वांत सोपी आहे. १९४३च्या मोहिमेतली ब्रिटिश पलटण कोणती? लिव्हरपूलच्या किंग्ज रेजिमेंटची तेरावी बटालियन. हे काही वेचक वीर नव्हते. शहरी, बरेचसे विवाहित, एरवीच्या सैनिकांपेक्षा वयाने मोठे असे हे लोक. पलटण उभी केली होती इंग्लंडच्या किनाऱ्याच्या राखणीसाठी आणि हिंदुस्थानात पाठवली होती बंदोबस्तासाठी. विंगेटने तिला १९४२च्या पावसाळ्यात मध्य प्रांतातल्या सागरकडच्या जंगलात नेले, खेचरे हाकायला शिकवले, भरल्या नद्या ओलांडायला लावल्या, ज्यांना झेपेना त्यांना गाळले. उरलेले शेकडो मैल चालत इरावतीपलीकडे जाऊन आले. त्यांच्या सोबतची गुरखा बटालियनही युद्धकाळात नव्याने उभारलेली होती. मग ओढून घेतलेली ती चांगली माणसे कुठे आहेत? साध्या पायदळाला हे काम जमले पाहिजे, असे स्लिम म्हणतो. साध्या पायदळाकडून ते करवून घेतले कोणी? विंगेटनेच.

आता रेल्वे आणि मृतांचा हिशेब. आकडे खरे आहेत. एकही नाकारण्याचे कारण नाही. पण शत्रूच्या मुलखात घुसलेल्या दलाचे फळ उडवलेल्या पुलांत मोजायचे, की त्यामुळे शत्रूच्या सेनापतीने काय ठरवले, यात?

तो सेनापती होता मुतागुची रेन्या. १९४२ साली आसामवर चढाई करण्याची योजना जपानी वरिष्ठांनी काढली, तेव्हा १८व्या डिव्हिजनचा प्रमुख म्हणून त्याने तिला विरोध केला होता. डोंगर दुर्गम, वाटा नाहीत, रसद पोचणार नाही, ही त्याची कारणे होती. पुढे त्याच्याच मुलखात विंगेटच्या तुकड्या शिरल्या. मुतागुचीने त्यांतून दोन निष्कर्ष काढले. चिंदविनच्या भरवशावर ब्रह्मदेश राखता येणार नाही, हा एक. आणि ज्या डोंगरांतून ब्रिटिश इकडे आले त्याच डोंगरांतून आपल्याला तिकडे जाता येईल, हा दुसरा. मार्च १९४३ मध्ये तो १५व्या सेनेचा प्रमुख झाला आणि काल ज्या चढाईला नको म्हणत होता तिचाच सर्वांत हट्टी पुरस्कर्ता बनला. मार्च १९४४ मध्ये ती चढाई निघाली. सुमारे ८५,००० जपानी सैन्यापैकी ५०,०००हून अधिक माणसे मेली, जखमी झाली, आजारी पडली वा बेपत्ता झाली. ब्रह्मदेशातली जपानी सत्ता त्या पराभवातून सावरलीच नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की विंगेटने हे योजले नव्हते. मान्य. योजले नव्हतेच. पण मग 'परिणाम झाला, मात्र हेतुपुरस्सर नव्हता' असे लिहा. 'परिणाम शून्य' हे वाक्य खोटे ठरते, आणि निकाल उभा आहे तो त्याच वाक्यावर.

शिवाय मुतागुचीने विंगेटची अर्धीच चाल उचलली. विंगेटचे हे दल, म्हणजेच चिंडिट, जंगलात तगले ते आकाशातून उतरणाऱ्या रसदीवर. प्रत्येक तुकडीबरोबर हवाई दलाचा अधिकारी आणि वायरलेस संच होता. कुठे काय टाकायचे ते तो कळवी. मुतागुचीने डोंगर पार करण्याची हिंमत घेतली, पण त्याच्याजवळ विमाने नव्हती. त्याने गुरांचे कळप बरोबर हाकत नेले, तीन आठवड्यांत इम्फाळचे कोठार हाती येईल असे धरले, आणि त्याचे सैन्य उपाशी मेले. आझाद हिंद सेनेचे आपले जवान त्याच वाटांनी आले आणि तीच उपासमार त्यांच्याही वाट्याला आली, हे आठवले की ही चर्चा परक्यांच्या भांडणाची राहत नाही. दुसरीकडे स्लिमच्या सैन्याने वेढ्यात सापडूनही इम्फाळ राखले ते विमानांच्या जोरावर. हवाई रसद ही एकट्या विंगेटची कल्पना होती असा दावा मी करणार नाही. पण रस्त्याचा आधार पूर्ण सोडून ब्रिगेडभर माणसे दीर्घकाळ आकाशावर पोसून पाहण्याचा प्रयोग ब्रह्मदेशात प्रथम कोणी केला, याचे उत्तर प्रतिपक्षाने द्यावे.

आणि खर्चाचेच बोलायचे, तर विंगेटच्या पहिल्या मोहिमेच्याच हंगामात आराकानात नेहमीच्या पद्धतीने, नेहमीच्या डिव्हिजनांनी केलेली चढाईही शेजारी ठेवा. तिच्यात सुमारे ५,००० माणसे खर्ची पडली आणि सैन्य निघाले होते तिथेच परत आले. त्यावरून डिव्हिजन हा प्रकारच उधळपट्टीचा आहे असे कोणी म्हटले नाही. खास दलाला एक तराजू आणि बाकीच्यांना दुसरा, हा न्याय कसला?

१९४४ची मोहीम अधिक गुंतागुंतीची आहे, आणि इथे ७०व्या डिव्हिजनचा आक्षेप मला सर्वांत बळकट वाटतो. मुरलेली डिव्हिजन मोडणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून दोन्ही पारडी भरून पाहू. ५ मार्चच्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ग्लायडर उडाले. ऐनवेळी एका उतरण्याच्या जागेवर ओंडके आडवे पडल्याचे छायाचित्रांत दिसले, तेव्हा सगळा भार दुसरीवर वळवला गेला. आठवडाभरात सुमारे ९,००० माणसे आणि हजारावर जनावरे जपान्यांच्या पाठीमागे उतरली. मायकेल कॅल्व्हर्टच्या ७७व्या ब्रिगेडने मावलूला रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडवले, आणि मे महिन्यापर्यंत, लागोपाठचे हल्ले परतवून, अडवून धरले. उत्तरेला स्टिलवेलच्या चिनी-अमेरिकी सैन्यासमोर लढणाऱ्या जपानी १८व्या डिव्हिजनची रसद याच मार्गाने जात होती. विंगेटची ठाणी हा केवळ छाप्यांचा आसरा नव्हता. गनिमी काव्याला गडाचा पाठिंबा का लागतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. जखमींना ठेवायला, विमान उतरवायला, शत्रूला आपल्या तोफांसमोर यायला भाग पाडायला जागा लागते. फर्गसनच्या ब्रिगेडचा इंदॉवरचा हल्ला फसला, तो फसलाच. ते झाकण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या पारड्यात काय? युद्धानंतर खुद्द मुतागुचीने सांगितले की चिंडिटांमुळे चढाई थांबली नाही, पण तिच्यावर निर्णायक परिणाम झाला. ५३वी डिव्हिजन आणि १५व्या डिव्हिजनचे काही भाग त्यांच्यामागे अडकले, आणि त्यांतली एक रेजिमेंट जरी कोहिमाला असती तरी पारडे फिरले असते. पराभूत सेनापती सबबी शोधतो, हे खरे. पण कोहिमाचा तोल पाहा. दीड हजाराच्या आसपास लढवय्यांनी तिथे एप्रिलमध्ये अख्ख्या ३१व्या डिव्हिजनला तोंड दिले. त्याआधी, २२ ते २६ मार्च या काळात सांगशाकला ५०व्या भारतीय छत्री ब्रिगेडने आणि तिच्या जोडीला लढलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनने जपान्यांना रोखले नसते, तर कोहिमा सावरायला तेवढे दिवसही मिळाले नसते. विंगेटचे विमान कोसळले तेव्हा ती झुंज चालूच होती. जिथे एकेका दिवसावर आणि एकेका बटालियनवर निकाल लटकत होता, तिथे जपान्यांची एक रेजिमेंट जास्त असती तर काय घडले असते, हे वाचकानेच ठरवावे.

राहता राहिला स्वभाव. विंगेट कच्चे कांदे खाई, पाहुण्यांपुढे नागवा बसे, १९४१ साली कैरोतल्या हॉटेलात त्याने गळ्यावर सुरी चालवली, या गोष्टी प्रत्येक चरित्रात पानेच्या पाने खातात. त्या वेळी तो मलेरियाने आणि त्यावरच्या औषधाच्या अतिसेवनाने खचला होता, ही माहिती मात्र एका ओळीत उरकली जाते. आजारी माणसाची जखम हा त्याच्या युद्धनीतीविरुद्धचा पुरावा कसा होतो? त्याच्या आचरणावर खटला भरायचाच असेल, तर खरे गुन्हे आहेत. १९३८ साली पॅलेस्टाइनमधल्या त्याच्या रात्रपथकांनी अरब गावकऱ्यांना दिलेल्या क्रूर शिक्षा आहेत. भारतीय सेनेविषयीचा त्याचा आंधळा दुराग्रह आहे. भारतीय पायदळ त्याला आपल्या ब्रिगेडांत नको होते, आणि इम्फाळ-कोहिमात त्याच पायदळाने त्याला खोटे पाडले. या दोन्हींबद्दल त्याची गय करण्याचे कारण नाही. पण अधिकृत इतिहासाचा रोष यांवर नाही. त्याचा रोष विंगेटने वरिष्ठांना ओलांडून थेट चर्चिल गाठला, यावर आहे.

शेवटचा मुद्दा मृतांचा. तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण चिंडिटांची अवस्था दाखवणारी हाडकुळी छायाचित्रे नेहमी विंगेटच्या नावाखाली छापली जातात. त्याचा नियम स्पष्ट होता. शत्रूच्या मुलखात नव्वद दिवस ही मर्यादा, त्यानंतर दल बाहेर काढायचे. जड तोफा आणि रणगाडे नसलेल्या या माणसांना तटबंदीवर समोरून घालायचे नाही, हेही त्यातच होते. तो मेला तेव्हा ग्लायडर उतरून तीन आठवडेही झाले नव्हते. पुढे दल स्टिलवेलच्या हाताखाली गेले, पावसाळ्यात लढत राहिले, आणि जूनच्या अखेरीस मलेरियाने, आमांशाने आणि भुकेने पोखरलेल्या ७७व्या ब्रिगेडकडून मोगाँगचे तटबंद शहर समोरच्या हल्ल्यांनी घेववले गेले. काही तुकड्या ऑगस्टपर्यंत परतल्या नव्हत्या. नव्वदाव्या दिवसानंतरची ती नावे विंगेटच्या खात्यावर मांडायची असतील, तर त्याने तसा हुकूम कधी दिला होता ते प्रतिपक्षाने दाखवावे.