मनगटावरील निळा डाग

हृदयाची तपासणी करवून घरीं परतलेल्या माणसाचा हात दुसऱ्या दिवशीं मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा पडलेला दिसला, म्हणजे सारें घर चिंतेंत पडतें. व्याधि हृदयाची आणि डाग हातावर, हें कसें? ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं श्रोत्यांना थोडें मागें नेलें पाहिजे.

१९२९ सालीं बर्लिनजवळील एबर्सवाल्डे गांवच्या रुग्णालयांत वेर्नर फोर्समान नांवाचा तरुण डॉक्टर होता. जिवंत माणसाच्या हृदयांत नळी घालणें म्हणजे मृत्यूला बोलावणें, अशी तेव्हांची समजूत. फोर्समाननें स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेंतून ६५ सेंटिमीटर नळी आंत सारली, तसाच चालत तो क्ष-किरणांच्या खोलींत गेला आणि नळी हृदयांत पोंचल्याचें छायाचित्र त्यानें घेवविलें. त्याच्या वाट्याला प्रथम उपेक्षाच आली. पुढें न्यूयॉर्क येथें कूर्नाँ व रिचर्ड्स यांनीं ही वाट रुळविली, आणि १९५६ सालीं तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

हृदयाच्या स्वतःच्या धमन्या पाहावयाच्या, तर मात्र शिरेंतून नव्हे, धमनींतूनच जावें लागतें. १९५८ सालीं क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स यांनीं तें साधलें. ते कोपराजवळ छेद देऊन धमनी उघडी करीत. स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यांनीं १९५३ सालीं सुई व तार यांच्या साह्यानें छेदावांचून नळी घालण्याची रीत दिली होती. त्या रीतीनें इतर डॉक्टर मांडींतून जाऊं लागले. मांडीची धमनी रुंद खरी, पण खोल. तेथला रक्तस्राव कधीं कधीं पोटाच्या मागें न दिसतां साठे, आणि रोग्याला तासन्‌तास उताणें पडावें लागे.

१९८९ सालीं माँट्रियलच्या लुसिअँ कांपो यांनीं मनगटांतून तपासणी केल्याचें प्रसिद्ध केलें, आणि १९९२ सालीं ॲम्स्टरडॅमच्या किमेनेइ यांनीं त्याच वाटेनें अरुंद धमनी रुंद केली. आपले वैद्य जिच्यावर तीन बोटें ठेवून नाडी पाहतात, तीच ही धमनी. ती कातडीलगत आहे आणि तिच्याखालीं हाड आहे. म्हणून दाबली कीं रक्त थांबतें. शिवाय बहुतेकांच्या पंजाला दुसरी धमनीही रक्त पुरविते. रक्तस्राव डोळ्यांना दिसावा आणि बोटांना आवरावा, हाच ह्या वाटेचा मोठा गुण.

तपासणीच्या वेळीं रक्त गोठूं नये म्हणून औषध देतात. त्यामुळें पट्टा बांधूनही थोडें रक्त कातडीखालीं झिरपतें. तोच हा डाग. तो जांभळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळा होत बहुधा एक-दोन आठवड्यांत मावळतो. हात उशीवर उंच ठेवावा, बोटें हलवावीं, कापडांत गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा, आणि कांहीं दिवस त्या हातानें भरलेली बादली उचलूं नये. वडीलधाऱ्यांना तेल लावून चोळण्याचा मोह होतो, तो आवरावा. डागाला भिऊन रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या तर आपण होऊन कदापि बंद करूं नयेत. धमनींत जाळी बसविली असेल, तर ती चूक प्राणावर बेतूं शकते.

मात्र रक्त वाहूं लागलें किंवा सूज पाहतां पाहतां वाढली, तर रोग्याला बसवून ती जागा घट्ट दाबून धरावी. दहा मिनिटांत रक्त थांबलें नाहीं, किंवा तें जोरानें उसळत असेल, तर दाब न सोडतां त्वरित रुग्णालय गांठावें. हात दगडासारखा कठीण झाला, वेदना असह्य झाली, बोटें थंड, पांढरीं वा बधिर पडलीं, तर सकाळची वाट पाहूं नये. आंत कोंडलेलें रक्त स्नायूंचा प्राण घेऊं शकतें.

मावळणारा डाग कोणता आणि वाढणारी सूज कोणती, एवढें ओळखणारें माणूस घरांत असलें, म्हणजे मनगटाची ही वाट ज्या हेतूनें धरली तो सफळ झाला.