हवेचा शॉकअप : ऑफ-रोड बग्गीतील दाब आणि जुळणी

हवेचा शॉकअप : खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या हलक्या बग्गीच्या सस्पेन्शनमधील भाग. यात गाडीचा भार पोलादी स्प्रिंगऐवजी बंद नळीत कोंडलेली हवा पेलते. चाकाची उसळी आतले तेल आवरते. वजनाची बचत आणि हातपंपाने कडकपणा बदलण्याची सोय हे याचे मुख्य गुण आहेत.

तत्त्व : दांडा आत सरकला की हवेची जागा घटते आणि दाब वाढत्या वेगाने चढतो. त्यामुळे हा शॉकअप लहान खड्ड्यांवर मऊ राहतो आणि मोठ्या आदळीला शेवटच्या टप्प्यात कडक होतो. काही प्रकारांत हवेची दुसरी, लहान कोठी असते. शेवटच्या टप्प्यातील कडकपणा तिच्यामुळे वेगळा साधता येतो.

दाब ठरवणे : जॅक लावून चाके पूर्ण अधांतरी करावीत आणि शॉकअपच्या खास पंपाने हवा भरावी. कोठी लहान असल्याने टायरचा कंप्रेसर येथे चालत नाही. क्षणात दाब मर्यादेबाहेर जातो. पंपाची नळी जोडताना थोडी हवा नळीत शिरते, म्हणून पुन्हा जोडून पाहिल्यास काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. ती गळती नव्हे. मग गाडी जमिनीवर घेऊन, चालक पूर्ण साहित्यासह बसवून ती दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि शॉकअप किती बसला ते मोजावे. एकूण प्रवासाचा चौथा ते तिसरा हिस्सा ही सुरुवातीची योग्य बैठक मानतात : 120 मिमी प्रवास असेल, तर 30 ते 40 मिमी. जास्त बसल्यास हवा वाढवावी, कमी बसल्यास सोडावी. डाव्या-उजव्या बाजूंचा दाब सारखा ठेवावा. इंजिन मागे असलेल्या बग्गीत मागचा भार अधिक असतो, म्हणून पुढची आणि मागची जोडी स्वतंत्रपणे जुळवावी. शॉकअप कोणत्या कोनात, सस्पेन्शनच्या हाताच्या कोणत्या बिंदूवर बसवला आहे यावरही दाब अवलंबून असल्याने एका बग्गीचा आकडा दुसरीला लागू पडत नाही.

हवा वाढवली की परतीची उसळीही जोरदार होते; तिला आवरण्यासाठी तेलाचे रिबाउंड (परतीचे दमन) वाढवावे लागते. हे न केल्यास गाडी उंचवट्यांवर नाचते आणि चाकांची पकड सुटते.

तापमान : बंद हवा तापली की दाब चढतो. नाशिक जिल्ह्यातील सटाण्यात हिवाळ्यातल्या 10 अंश सेल्सिअसच्या पहाटे 60 पीएसआय भरलेला शॉकअप उन्हाळ्यातल्या 40 अंशांच्या दुपारी सुमारे 68 पीएसआय दाखवेल. सतत धावल्यानेही शॉकअप आतून तापतो. म्हणून थंड गाडीवर जुळणी करून, फेऱ्या मारल्यावर गरम असतानाचा दाबही नोंदवावा.

सटाणा परिसर : बागलाण तालुक्यात सेलबारी-डोलबारीच्या बेसाल्टच्या डोंगररांगा, मुरमाच्या गाडवाटा, आरम व मोसम नद्यांची गोट्यांची पात्रे आणि काळी माती जवळजवळ आढळतात. गोटे आणि मुरमावर चाक जमिनीला चिकटून राहावे म्हणून किंचित कमी दाब उपयोगी ठरतो; उड्या आणि खोल नाल्यांसाठी शेवटचा कडकपणा वाढवावा. चाचणीसाठी अशी विविध जमीन एकाच तालुक्यात मिळणे ही जमेची बाजू आहे.

स्पर्धा : विद्यार्थ्यांनी एक-आसनी बग्गी स्वतः रचून चालवण्याची बाहा स्पर्धा अमेरिकेत 1976 मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली, भारतात एसएईइंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ती 2007 मध्ये आणली. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथील स्पर्धेत महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही उतरत आले आहेत. चार तासांच्या सहनशक्ती शर्यतीत जुळणीची खरी परीक्षा होते, कारण सकाळी बसवलेला दाब उष्णतेने बदलत जातो.

दक्षता : उसळी आवरणाऱ्या तेलाच्या दमनभागातील नायट्रोजन अतिदाबाखाली असतो; तो योग्य साधनांशिवाय उघडू नये. दांड्यावरची धूळ आणि चिखल प्रत्येक फेरीनंतर पुसावा, कारण ओरखड्यामुळे सील फाटून हवा गळते. चालकाचे वजन, तापमान, जमीन आणि चारही दाब यांची वही ठेवणारा संघच पुढच्या वेळी अंदाजाऐवजी अनुभवावर हवा भरू शकतो.