भाग १९ : नाशिकच्या विदितचा खेळ कसा बदलत गेला

पोकर खेळणाऱ्यांचं एक ठरलेलं वळण असतं. नवखा प्रत्येक हात खेळतो आणि पैसे घालवतो. मग पत्ते टाकून द्यायला शिकतो, एकदम सावध होतो. खरा तयार खेळाडू त्याच्याही पुढे जातो. तो पुन्हा धोका पत्करतो, पण आता हिशोब करून. बुद्धिबळात पत्ते लपलेले नसतात, तरी वळण तेच. उदाहरण घरचंच घेऊ, आपल्या नाशिकचा विदित गुजराथी.

२००८ मध्ये व्हिएतनाममध्ये तो १४ वर्षांखालच्या गटात जगज्जेता झाला. २०१३ ला ग्रँडमास्टर, २०१७ ला २७०० रेटिंगच्या पार. आनंद, शशिकिरण, हरिकृष्णनंतर तो चौथा भारतीय. त्या काळातला त्याचा खेळ म्हणजे पक्की तयारी आणि भक्कम बांधणी. हरवायला अवघड गडी. पण माझ्या मते त्या पातळीवर नुसतं न हरून भागत नाही. बरोबऱ्या करत राहिलात तर रेटिंग टिकतं, स्पर्धा जिंकता येत नाही.

२०२३ ची ग्रँड स्विस बघा. आइल ऑफ मॅन, ११ फेऱ्या, पहिले दोघे कँडिडेट्सला जाणार. विदित पहिलीच फेरी हरला! आता सावध खेळून चालणारच नव्हतं. शेवटी साडेआठ गुण आणि पहिला नंबर, नाकामुरा दुसरा.

मग एप्रिल २०२४, टोरांटो. कँडिडेट्सची दुसरी फेरी, समोर तोच नाकामुरा, सलग ४७ क्लासिकल डाव न हरलेला. विदितकडे काळी मोहरी आणि बर्लिन बचाव. बर्लिन म्हटलं की लोक बरोबरी गृहीत धरतात (चहा घेऊन येतो म्हणतात). अकराव्या चालीला त्याने उंटाने एच-३ वरचं प्यादं मारलं आणि उंट सरळ देऊन टाकला. डाव जिंकला, नाकामुराची मालिका तुटली. नवव्या फेरीत त्याला परत हरवलं.

पण फुकट काहीच मिळत नाही. त्या विजयानंतर लगेच प्रज्ञानंद आणि नेपोम्नियाची, दोघांकडून सलग हार. १४ पैकी ६ गुण, सहावा नंबर. तरी त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होताच.

आज रात्री तो नाकामुराविरुद्धचा डाव शोधून बघा. अकराव्या चालीला पॉज करा आणि तुम्ही काय खेळला असतात ते कॉमेंटमध्ये लिहा.