खानावळीचा रविवार

शनिवार-रविवारच्या रात्री उपाहारगृहाबाहेर तासभर ताटकळायचे आणि वर फुगलेले बिल भरायचे, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण या गर्दीचे मूळ जिभेच्या चोचल्यांत नाही, सुट्टीच्या इतिहासात आहे. मुंबईत 1850च्या दशकात कापडगिरण्या निघाल्या, तेव्हा कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या कामगाराला बाहेरचे जेवण ही चैन नव्हती, रोजची गरज होती. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी ती भागवली. हिशेब महिन्याचा, पगारावर चुकता व्हायचा. जेवणाच्या वेळा पाळ्यांप्रमाणे विभागलेल्या. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 1890मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली आणि सगळे एकाच दिवशी मोकळे झाले. आजची रांग या सामाईक मोकळिकीचीच आहे.

कोणी म्हणेल, खानावळीत निवड कुठे होती? नव्हतीच, शिवाय पंगती बहुधा जात आणि गावकी पाहून बसत. तो काळ गेला हे चांगलेच झाले. मात्र तिथला स्वस्त दर कुणाच्या जिवावर होता, हेही पाहायला हवे. रांधणारीचे श्रम दरात धरलेच जात नसत आणि किराणा उधारीचा, चढ्या व्याजाचा असे. प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आजही कितीतरी खानावळींवर पाटी असते: ‘रविवारी संध्याकाळी बंद’. नेमक्या त्या वेळी उपाहारगृहांत जे राबतात, त्यांची मजुरी आपल्या बिलात दिसणारच.