हाली, कलदार आणि स्कॅनर : जालन्यातील एका वहीच्या निमित्ताने

गेल्या दिवाळीनंतर आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. जालन्याच्या मोंढ्यालगत त्याचे वडिलोपार्जित किराणा दुकान आहे. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या होत्या : बँकेतून छापून घेतलेल्या खातेउताऱ्याचा जाड गठ्ठा आणि लाल कापडात बांधलेली आजोबांची वही. उताऱ्यातील वर्षभराच्या जमा रकमांपैकी दुकानाची विक्री कोणती, असे कर-सल्लागाराने विचारले होते आणि त्याला ते सांगता येत नव्हते. मेहुण्याने परत केलेले हातउसने, भिशीचे पैसे, शेजाऱ्याने 'तुझ्या स्कॅनरवर घे आणि मला रोख दे' म्हणून पाठविलेली रक्कम, सारे एकाच खात्यात येऊन पडले होते. वहीचे कारण निराळे होते. "सर, तुम्हाला मोडी वाचता येते ना? आजोबा कसं लिहायचे ते बघायचं होतं," तो म्हणाला.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. कराच्या कायद्यातले आम्हांस विद्यार्थ्याइतकेच समजते. पण त्या संध्याकाळी वही उलगडली आणि तिच्या पानांतून जे दिसू लागले, ते त्याच्या अडचणीशी थेट जोडलेले होते. म्हणून हा लेख.

वही विक्रम संवत २००४ ची, म्हणजे १९४७ च्या दिवाळीपासून १९४८ च्या दिवाळीपर्यंतची. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. वहीचे साल विक्रमाचे, पण सरकारी कागदाचा उल्लेख जेथे येतो तेथे फसली सन १३५७. एकाच दुकानात दोन कालगणना नांदत होत्या. नाणीही दोन होती. संस्थानचा स्वतःचा रुपया होता, त्याला 'हाली' म्हणत; इंग्रजी मुलखातला रुपया तो 'कलदार'. दर ठरलेला होता : शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. गिऱ्हाईक हाली देणार, पण मुंबईच्या पेढीला कलदार पोचवावे लागणार. शिवाय संस्थानच्या हद्दीवर जकात भरावी लागे, तिच्या खात्याला 'करोडगिरी' असे भारदस्त नाव होते. म्हणून आजोबांच्या पानावर दोन रकाने आहेत, एक हालीचा आणि एक कलदारचा, आणि वटावाचे खाते वेगळे.

पण आम्ही थबकलो ते रकान्यांपाशी नव्हे. प्रत्येक जमेपुढे तीन गोष्टी न चुकता लिहिलेल्या आहेत : नाव, 'हस्ते' अमुक आणि 'बाबत' तमुक. पैसा कोणाचा, कोणाच्या हातून आला आणि कशाचा. जुन्या दप्तरांत 'हस्ते'च्या जागी 'गुजारत' आढळते, अर्थ तोच. जमा, खर्च, बाकी, बाबत हे सारे फारसी-अरबीतून आलेले शब्द. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून अशा यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले खरे. पण बाजाराने जमाखर्च सोडला नाही, तो नाहीच. (भाषाशुद्धीच्या चर्चेत आम्ही हा दाखला वर्षानुवर्षे देत आलो आहोत.) दिवसाची ही नोंद म्हणजे रोजकीर्द, तीवरून माणसागणिक खाते काढायचे ती खतावणी, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद. रात्री गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक यांचा मेळ बसल्याखेरीज दुकानदार झोपत नसे.

एकनाथांची गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना हिशोबात एका पैचा फरक येत होता. रात्र जागून चूक सापडली, तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, असे परंपरा सांगते. एवढे चित्त ईश्वराकडे लागले तर काय होईल, हा स्वामींचा उपदेश आम्ही वर्गात रंगवून सांगतो आणि त्या टाळीकडे मात्र दुर्लक्ष करतो. याच जिल्ह्यातील जांबेस जन्मलेल्या समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला दिला आहे. मराठवाड्याच्या या टापूत नीट लिहिणे ही कोरडी कारकुनी कधीच मानली गेली नाही.

तरी जुन्या वहीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. वही साहुकाराच्या हातात असे, कुळाच्या नव्हे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा त्यांचा पहिला रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. सुप्याच्या बाजारात १२ मे रोजी त्याची सुरुवात झाली. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळणे त्यांना महत्त्वाचे वाटले, कारण आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे ते वाचताही येत नाही आणि आपल्यापाशी त्याला उत्तर देणारा चिटोराही नाही, हे त्यांचे खरे दुखणे होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कुळाला लेखी पावती, हिशोबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला, तो त्यातूनच. (निजामी मुलखाला अर्थातच तो लागू नव्हता.)

सरकार वहीत डोकावू लागले ते त्यानंतर. इंग्रजी मुलखात आयकर १८६० पासून येत-जात होता. हैदराबाद संस्थानाचा आयकर कायदा मात्र १३५७ फसलीचा, म्हणजे आमच्या हातातील वहीच्याच काळचा. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५० साली हैदराबादचा सामान्य विक्रीकर कायदा आला आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारताचा आयकर कायदा येथे लागू झाला. पुढे मुंबईचा १९५९ चा विक्रीकर कायदा, २००५ साली व्हॅट आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. प्रत्येक कायद्याबरोबर वहीचा वाचक बदलत गेला. आजोबा स्वतःसाठी लिहीत. वडील विक्रीकर निरीक्षकासाठी लिहू लागले. 'एक नंबर' आणि 'दोन नंबर' हे शब्द मराठीत रुळले ते याच वळणावर, असे आम्हांस वाटते. १९८९ साली आयकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि दिवाळीचे हिशोबी वर्ष उरले ते पूजेपुरते. लक्ष्मीपूजनाला आजही नवी वही मांडतात, 'श्री' काढतात, हळदकुंकू वाहतात. पुष्कळ दुकानांत ती वही पुढे वर्षभर कोरीच राहते.

आणि मग २०१६. त्या वर्षी ११ एप्रिलला यूपीआय सुरू झाले, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि पुढच्या काही वर्षांत चहाच्या टपरीपासून मोसंबीच्या हातगाडीपर्यंत स्कॅनरचे चौकोन चिकटले. सरकारनेही उत्तेजन दिले : ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला अंदाजित नफ्यावर कर भरता येतो, त्यात रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरतात, पण बँकेतून अथवा फोनवरून आलेल्या रकमेवर सहाच. सवलत चांगली आहे, पण ती घेण्यासाठी रोख किती आणि फोनवर किती हे वेगळे दाखविता आले पाहिजे. म्हणजे आजोबांचे दोन रकाने परत आले. हाली-कलदारच्या जागी रोख आणि फोन.

आता त्या गठ्ठ्याकडे येऊ. प्रत्येक ओळीत तारीख आहे, बारा आकडी संदर्भ क्रमांक आहे, पाठविणाऱ्याचे नाव आहे आणि पैपर्यंत अचूक रक्कम आहे. एकनाथांनाही चूक सापडणार नाही. नाही तो एकच शब्द : 'बाबत'. टीप लिहायची जागा असते, पण ती गिऱ्हाइकाच्या हाती आणि सहसा रिकामी. यंत्राने जमा लिहिली. ती साखरेची की भिशीची, हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

याचे परिणाम जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात दिसले. तेथील वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरील जमेवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. मालाच्या विक्रीला चाळीस लाखांची आणि सेवांना वीस लाखांची वार्षिक मर्यादा ओलांडली की जीएसटीची नोंदणी लागते, हे खरे. पण त्या जमेत करमुक्त भाजीपाला होता, घरगुती देवघेव होती, उसनवारी होती. बंगळूरच्या दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. अखेर मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांशी बोलणी करून जुनी वसुली थांबविण्याचे आश्वासन दिले. आम्हांस मात्र सुप्याची आठवण झाली. पुन्हा वही दुसऱ्याच्या हातात होती, आणि या वेळी ती जाळताही येण्याजोगी नव्हती.

कायद्याला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे धंद्यात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद ग्राह्य असते, पण केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. जैन हवाला प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुट्या कागदांना वही मानण्यासच नकार दिला. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. तत्त्व कायम आहे आणि संगणकातील वहीही त्यात आली आहे. मुख्य शब्द 'नियमितपणे' हा. वर्षअखेरीस आठवून लिहिलेल्या 'बाबत'ला वजन कमीच.

असो. विद्यार्थ्याने दोन कामे केली. घरची देवघेव दुसऱ्या खात्यावर नेली. आणि मोंढ्यातून एक लांबट लाल वही आणून तिच्यात रोख व फोन असे दोन रकाने आखले. दर महिन्याचा खातेउतारा तो छापून तिच्यातच ठेवतो, कारण जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने हिशोब जपावे लागतात, असे सल्लागाराने त्याला सांगितले आहे. 'हस्ते' मोडीत कसे लिहितात ते त्याने आमच्याकडून गिरवून घेतले. हौस म्हणून, दुसरे काही नाही.

परवा आम्ही त्याच्याकडून दोन किलो साखर घेतली आणि पैसे फोनवरून दिले. गल्ल्याजवळचा डबा हिंदीत रक्कम बोलला. त्याने वही ओढली, फोनच्या रकान्यात रक्कम मांडली, पुढे लिहिले : हस्ते स्वतः, बाबत साखर. मग मागचे एक पान उलटून, अंमळ संकोचाने, आमच्या नावावरची श्रावणातली शेंगदाण्यांची उधारी दाखविली. ती आम्ही साफ विसरलो होतो.