येरळेची वाळू आणि बळीराजाचे धरण

१/१३
१९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या शेतकऱ्यांनी शासनापुढे एक अनपेक्षित मागणी ठेवली. नदीतील वाळूचा काही भाग विकण्याचा अधिकार गावाला मिळावा आणि त्या पैशातून गावाने स्वतःचे धरण बांधावे, अशी ती मागणी होती. ठेकेदारांच्या वाळूउपशाविरुद्ध उभे राहिलेले लोकच वाळू विकू पाहत होते. यात विसंगती का नव्हती, हे कळण्यासाठी इतिहासाबरोबर शाळेतील थोडे रसायनशास्त्रही आठवावे लागते.

२/१३
ही नदी म्हणजे येरळा. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात ती उगम पावते, वडूजवरून पुढे सांगली जिल्ह्यात येते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा काढण्यात आला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जिल्हे दोन झाले, नदीचे खोरे मात्र एकच राहिले. हे खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. इथला दुष्काळ जुना आहे. ब्रिटिश काळातच या खोऱ्यात नेर आणि मायणी येथे तलाव बांधावे लागले होते.

३/१३
येरळेची वाळू आली कुठून? दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. ते खडकातील खनिजांवर सावकाश क्रिया करते. काही खनिजांची चिकणमाती होते, लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन माती तांबूस होते आणि टिकून राहिलेले कठीण कण नदीत वाळू म्हणून साचतात. ही प्रक्रिया आजही चालू आहे; पण तिचा वेग माणसाच्या आयुष्याच्या मापाने मोजता येण्याजोगा नाही.

४/१३
दुष्काळी भागात ही वाळू म्हणजे पाण्याचे कोठार असते. स्वच्छ वाळूच्या थरात साधारण २५ ते ४० टक्के जागा कणांमधील पोकळीची असते. पुराचे पाणी या पोकळ्यांत उतरते; वरच्या थराच्या आडोशामुळे खालच्या पाण्याचे बाष्पीभवन फारच कमी होते. म्हणूनच उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरे खणले की पाणी लागते, आणि काठच्या विहिरींनाही हेच पाणी पाझरून मिळते. वाळू उपसली की पुराचे पाणी थांबत नाही. ते वाहून जाते आणि विहिरी आटतात.

५/१३
कायद्याच्या दृष्टीने मात्र वाळू हे ‘गौण खनिज’. १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्याने गौण खनिजांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. वाळूचा लिलाव होई, ठेकेदार उपसा करी, स्वामित्वधन सरकारी तिजोरीत जाई. ज्या गावाच्या विहिरी आटत, त्याचे नाव या व्यवहारात कुठेच नसे. वाळूची किंमत ठरत होती, तिच्यात साठणाऱ्या पाण्याची नव्हे.

६/१३
द्रव्य नष्ट होत नाही, हा शाळेत शिकलेला नियम. वाळूलाही तो लागू आहे. काँक्रीटमध्ये पाण्याशी रासायनिक क्रिया होते ती सिमेंटची. वाळू जवळपास जशीच्या तशी राहते. म्हणजे उपसलेली वाळू नाहीशी झालेली नसते, ती शहराच्या भिंतींत अडकलेली असते. तरीही नदीपुरती ती संपलेली असते. वस्तुमान कायम राहिले म्हणून संसाधन कायम राहते असे नाही. ते कोणत्या जागी आहे आणि भरून येण्याच्या वेगापेक्षा किती वेगाने काढले जाते, यावर सारे अवलंबून असते.

७/१३
खानापूरच्या दुष्काळी गावांतील अनेक माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामाला होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला आणि कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होता, हाताला काम होते ते रोजगार हमीचे. संघटनेचा अनुभव घेऊन आलेल्या या माणसांना प्रश्न पडला की वर्षानुवर्षे खडी फोडून दुष्काळ हटणार कसा?

८/१३
याच काळात ‘मुक्ती संघर्ष’ चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक. रोजगार हमीतून दुष्काळ कायमचा हटवणारी कामे व्हावीत, ही तिची मागणी होती. लोकविज्ञान चळवळीतील कार्यकर्त्यांच्या साथीने गावोगावी पाऊस, पिके, माती आणि विहिरी यांची चर्चा सुरू झाली. दुष्काळ हा केवळ आभाळाचा कोप नाही, पाणी आणि जमीन वापरण्याच्या पद्धतीशीही त्याचा संबंध आहे, हा विचार त्यातून रुजला. येरळेतील वाळूउपसा याच चर्चेत ऐरणीवर आला.

९/१३
नदीची वाळू लिलावात न जाता तिचा मर्यादित भाग गावाने विकावा आणि त्या पैशातून येरळेवर लहान धरण बांधावे, अशी योजना पुढे आली. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक साहाय्य केले. शासनाची परवानगी सहज मिळाली नाही; त्यासाठी संघर्ष करावा लागला. अखेर दशकाच्या शेवटी बलवडी येथे धरण उभे राहिले. नाव ठेवले बळीराजा स्मृती धरण. शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून लोकमानसात जिवंत असलेल्या बळीचे हे स्मरण होते.

१०/१३
धरणाइतकाच महत्त्वाचा होता पाणीवाटपाचा नियम. पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर नव्हे, तर कुटुंबावर ठरला. भूमिहीनांनाही त्यात वाटा होता. उसासारखे भरमसाट पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, हेही ठरले. धरणाने पाणी अडवले, पण ते पुरवण्याची हमी या नियमांत होती.

११/१३
ऊस वर्ज्य करण्यामागचे शहाणपण त्याच जिल्ह्यात कृष्णाकाठी दिसते. वाळवा, मिरज या तालुक्यांत अतिसिंचनामुळे पुष्कळ जमीन क्षारपड झाली. पाण्याची वाफ होते, त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा थांबतो. जिप्सम घातल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. पण सुटलेले सोडियम वाहून नेण्यासाठी निचऱ्याचे चर हवेतच. एकीकडे पाण्यावाचून शेत ओस, दुसरीकडे पाण्यामुळेच नापीक.

१२/१३
बलवडीचा विचार तिथेच थांबला नाही. १९९० च्या दशकात आटपाडी परिसरात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ उभी राहिली. तिनेही समन्यायी पाणीवाटपाचाच आग्रह धरला. वाळूचा प्रश्न मात्र सुटला नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. तरी बेकायदा उपशाच्या बातम्या आजही येतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते.

१३/१३
पाठ्यपुस्तकात संसाधनांचे दोन रकाने असतात : नवीकरणीय आणि अनवीकरणीय. येरळेची वाळू कोणत्या रकान्यात घालायची? ती पुरात वाहून येते, म्हणून पहिल्या. पण वर धरणे झाली आणि खाली यंत्रे लागली, तर तीच दुसऱ्या रकान्यात जाते. पदार्थ तोच, रासायनिक घटक तेच; रकाना ठरवतो तो उपशाचा वेग आणि तो ठरवणारा हात. बलवडीच्या माणसांनी वाळू विकली, पण किती विकायची आणि कशासाठी, हे त्यांनी स्वतः ठरवले होते. त्यांच्या मागणीत विसंगती नव्हती ती याचमुळे.